चौदा पेरं

काकांना बसलेलं मी उभ्या नोकरीत एकदाच पाहिलं. ते पुढे सांगते. बाकी सगळा वेळ हा माणूस उभा. उभ्यानं गोळ्या मोजायचे, उभ्यानं डबा खायचे, साहेबांच्या मीटिंगला खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून खुर्चीच हलवत राहायचे. औषधांच्या खोलीपासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या आणि तेवढा फरशीचा पट्टा बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झाला होता. मी नवीन रुजू झाले तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. दोन दिवस मीसुद्धा खाली बघत शोधत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "सिस्टर, तुमचं काय हरपलं का?"

आमचं आरोग्य केंद्र गेवराईच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. काका तिथले औषधनिर्माता. लोक कंपाउंडर म्हणायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. मी नर्स, लोक सिस्टर म्हणायचे, मला ते फार आवडायचं. पाठीमागे सगळा गाव काकांना 'चौदा दिवस' म्हणायचा. एखादी म्हातारी दारातून विचारायची, "चौदा दिवस आल्यात का?" आणि आतून काकाच ओ द्यायचे.

नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. काहीही सांगा, ते चौदा दिवस मागायचे. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी वाजलं तर म्हणायचे, "आज न्हाई भांडायचं. चौदा दिवसांनी भांडू, तवर राग टिकला तर खरा." आणि खरंच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचे. चौदाव्या दिवशी ड्रायव्हरपुढे जाऊन उभे. ड्रायव्हर बिचारा सगळं विसरलेला. काका म्हणाले, "माझा टिकलाय," आणि चांगलं अर्धा तास भांडले.

एकदा एका मयतीच्या घरी बसलेल्या माणसांसमोर ते म्हणाले, "तेरावा मेलेल्याचा, चौदावा जित्याचा." माणसं चमकली. मलाही लाज वाटली. हा माणूस कुठे काय बोलावं हे न कळणारा, असं मी तेव्हा पक्कं ठरवून टाकलं होतं.

मुळात हे चौदा दिवस फ्लूच्या लसीचे. ही लस आमच्याकडे थोडीच यायची. गरोदर बायका, साखरेचे आणि ब्लडप्रेशरचे पेशंट, आणि दवाखान्यातले आम्ही. सुई मी टोचायची आणि व्याख्यान काकांचं. बाकावर बसलेल्या बायकांपुढे इकडून तिकडे फेऱ्या मारत ते सांगायचे, आणि बायकांच्या माना त्यांच्या मागोमाग फिरायच्या.

"ह्या सुईतून आजार जात न्हाई. आजाराचा नुसता कोट जातो. मेलेला. अंगात पहारेकरी असतात, त्यातला एक जन त्यो कोट उचलतो आन् पळत सुटतो काखेत. काखेत गाठ हाय. ते आपल्या सोसायटीचं आफिस. तिथं हजारो सभासद बसलेले, परतेकाचा हात येगळा. पहारेकरी कोट दाखवत फिरतो. ह्याच्या हातात बसतो का? न्हाई. त्याच्या? न्हाई. एखाद्याच्याच हातात बरूबर बसतो. मग त्याला म्हनायचं, बाबा, तू एकाचे दोन हो, दोनाचे चार हो. असे लई झाले की ते आपल्या हातासारखे हात बनवून रगतात सोडतात. मग खरा आजार आला की हे हात त्याचा कोट धरून ठिवतात. त्याला आत घुसायला दारच घावत न्हाई."

"आन् हे सगळं कधी व्हतं?" असं कुणी विचारलं की काकांचा चेहरा फुलायचा.

"चौदा दिवस."

टोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काखेत दुखलं, अंग कसकसलं, की ते खूष व्हायचे. भर रस्त्यात बायकांना विचारायचे, "काय, सभा भरली का?" आमच्या भागात हा शब्दच रुळून गेला. सासूनं सुनेला विचारावं, "कावून निजलीस गं?" आणि सुनेनं सांगावं, "काखेत सभा हाय."

दूध डेअरीचे चेअरमन साखरेचे पेशंट. ते एकदा ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या सोसायटीत सभेला मानसं गोळा करायलाच सहा म्हयने लागतात."

"म्हनून तर तुमच्या सोसायटीला कधी ताप येत न्हाई, चेअरमनसाहेब," काका म्हणाले. चेअरमन हसले. पण ते मनात ठेवणारे होते.

"मग दरसाली कावून टोचायचं?" एक जण विचारायचीच. काका थांबायचे, म्हणजे चालायचे थांबायचे, पाय तिथल्या तिथे हलत असायचेच. "कारन त्यो चोर दरसाली कोट बदलतो. आन् रगतातले हात बी वरीसभरात कमी होतात."

चौदा दिवस लक्षात कसे राहायचे? त्याचाही त्यांचा तोडगा होता. मी दंडात टोचलं की ते पुढे होऊन बाईच्या डाव्या हाताच्या करंगळीच्या टोकाच्या पेरावर निळ्या पेनानं ठिपका द्यायचे. "हे आजचं. उद्या खालचं पेर. करंगळीची तीन, तिच्या शेजारणीची तीन, मधल्या बोटाची तीन, त्याच्या पुढच्याची तीन, अंगठ्याची दोन. किती झाली?" बायका बोटावर बोट ठेवत मोजायच्या आणि मग चकित होऊन एकमेकींकडे बघायच्या. एका हाताला बरोबर चौदा पेरं. "देवानं कॅलेंडर हातातच दिलंय," काका म्हणायचे, "भिंतीवरचं लागत न्हाई." स्वतःला मात्र भिंतीवरचं लागायचं.

मला या सगळ्याचा वैताग यायचा. बाहेर चाळीस बायका, आत एक पंखा, तोही बंद, आणि हे गृहस्थ प्रत्येकीची बोटं मोजून घेतायत. मी म्हणायचे, "काका, आटपा." ते म्हणायचे, "मी आटपतो हो, अंगाला कोन सांगनार आटप म्हनून?"

फ्रीजच्या बाबतीत तर विचारूच नका. लसीचा फ्रीज म्हणजे त्यांचा देव्हारा. दार उघडताना ते श्वास धरायचे आणि शेजारच्यालाही धरायला लावायचे. त्या वर्षी पाण्याचे हाल होते. टँकर दिवसातून एकदा, माणशी दोन घागरी, आणि ऊन तर असं की घशात कापूस ठेवल्यासारखं वाटायचं. चेअरमननी आमच्या शिपायाला हाताशी धरून गार करायला म्हणून पाण्याची एक बाटली त्या फ्रीजमध्ये ठेवून दिली. काकांना सापडली. त्यांनी ती उचलली, व्हरांड्यातून खाली उतरले आणि चेअरमनच्या डोळ्यांदेखत कडुनिंबाच्या बुडात ओतली.

दुष्काळात पाणी ओतलं! गावात आग लागली. चेअरमन ओरडत होते, "पानी सांडता? लेकरं तान्हेली मरतात आन् तुमी पानी सांडता?" काका एवढंच म्हणाले, "चुकलं. पानी सांडाया नको हुतं. बाटली नुसती भाईर काढाया पायजे हुती." आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या वाटणीची एक घागर डोक्यावर घेऊन चेअरमनच्या दारात. रोज. चौदा दिवस. तिसऱ्या दिवसापासून चेअरमनची बायको हात जोडून नको म्हणत होती. हा माणूस घागर ठेवायचा, बोटाचं एक पेर दाबायचा आणि चालू लागायचा. उरलेल्या एका घागरीत ते कसं भागवत होते देव जाणे. कपडे मात्र तेवढे दिवस मळलेले होते.

आता माझं सांगते. सांगायचं टाळत आले होते म्हणून एवढं फ्रीजपुराण लावलं.

माझं माहेर केंद्रापासून तीन किलोमीटरवरची वस्ती. सगळी ऊसतोडीला जाणारी माणसं. दिवाळी झाली की ट्रक यायचा, आणि सहा महिने वस्तीत म्हातारी माणसं आणि शेळ्या उरायच्या. दादा आणि वहिनी दर वर्षी जायचे, उसाच्या फडाशेजारी कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. बाईनं नाही यायचं म्हटलं तर नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही.

त्या वर्षी वहिनीला सातवा महिना होता. मी सगळ्या वस्त्यांवरच्या गरोदर बायकांना टोचून आले होते. वहिनीचंच राहिलं होतं. राहिलं म्हणजे मीच ठेवलं होतं. सिस्टरनं लस आली की आधी आपलं घर भरलं, असं कुणी म्हणायला नको. आज टोचू, उद्या टोचू, घरचंच माणूस आहे, जातंय कुठं. आणि मग ट्रक आला. मी लसीचा डबा गळ्यात घालून धावत गेले. वहिनी ट्रकच्या फळीवर चढलेली. मी खालून तिचा दंड धरला आणि टोचलं. सगळी माणसं हसली, मीही हसले. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

काका त्या दिवशी डब्यातला बर्फ बघायला म्हणून माझ्यामागे आले होते. ते म्हणाले, "सिस्टर, सुई फुकट जानार न्हाई. पन वहिनीला चौदा दिवस मागं ठिवा. कोप्यात गर्दी, आत्ताच ह्या ट्रकात चार जन खोकतेत."

मी म्हटलं, "काका, कोयता तुटतो हो. दादा एकटा काय करील?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. तिच्या करंगळीवर ठिपका दिला आणि ट्रक हलला.

पाचव्या दिवशी वहिनीला ताप चढला. टोळीत आधीच सात-आठ जण पडलेले होते. तापातच तिला कळा लागल्या. लेकरू दिवस भरायच्या आधी कोपीतच झालं आणि दोन दिवस जगलं. मुलगा होता.

दादाचा फोन आला तेव्हा आईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुईनं खाल्लं लेकरू." त्यानंतर आईनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी जायचे, टँकरवरून तिच्या घागरी भरून आणायचे, ती त्या शेजारणीकडून उचलून घ्यायची आणि मग प्यायची. दोन वर्षं. त्या वस्तीत नंतर एकाही बाईनं दंड पुढे केला नाही. मी डबा घेऊन जायचे आणि भरलेला डबा घेऊन परत यायचे. रात्री झोप येईना, दिवसा एका जागी बसवेना. आम्ही दोघं व्हरांड्यात फेऱ्या मारतोय असं दृश्य केंद्रात दिसायला लागलं. काकांनी मला एकदाही म्हटलं नाही की, मी सांगितलं होतं. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दोन पावसाळे कोरडे गेले. वहिनीला पुन्हा दिवस राहिले. सहावा संपत आला. मी काकांना म्हटलं, "माझ्याच्यानं नाही होणार. ती घेणार नाही आणि मी सांगणार नाही."

"चला," ते म्हणाले.

आम्ही वस्तीवर गेलो. आई अंगणात धान्य निवडत होती, वहिनी भिंतीला टेकून. मी कुंपणापाशीच थांबले. आईनं काकांना पाहिलं आणि सूप आपटलं. "आता कशाला आलाव? एक खाल्लंव, आता दुसरं बी पायजे का?"

आणि काका बसले. खाली मातीत, मांडी घालून. मला आधी कळलंच नाही काय वेगळं दिसतंय ते. मग लक्षात आलं, त्यांचे पाय थांबलेत.

"माय, मी टोचाया न्हाई आलो," ते म्हणाले. "मला फकस्त सांगा, कसं कसं झालं ते. कुनी इचारलंच न्हाई आजपतूर."

आईऐवजी बोलली वहिनी. दोन वर्षांत त्या गोष्टीबद्दल तिच्या तोंडून पहिल्यांदा शब्द आला. काका एकेक दिवस विचारत गेले आणि ती करंगळीपासून एकेक पेर धरत गेली. हे टोचलेल्या दिवसाचं. ह्या दिवशी कोपी बांधली. ह्या दिवशी शेजारच्या कोपीतली म्हातारी पडली, तिला मी पेज नेऊन दिली. ह्या दिवशी तिचा नातू पडला. ह्या दिवशी मला थंडी वाजली. तिचा अंगठा शेजारच्या बोटाच्या मधल्या पेरावर येऊन थांबला.

"पाच," काका म्हणाले. "आता म्होरची मोजा."

तिनं मोजली. "नऊ."

"ती नऊ मोकळी ऱ्हायली, बाई. सभा बसली हुती, मानसं गोळा झालती, पन हात तयार व्हायच्या आधी चोर आला. सुईनं न्हाई खाल्लं तुमचं लेकरू. ही नऊ पेरं कमी पडली."

वहिनी आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो हात पदराखाली घेतला आणि रडायला लागली. आईच्या सुपातली ज्वारी मातीत सांडली होती, ती तिनं उचलली नाही.

थोड्या वेळानं आईनं विचारलं. काकांनाच विचारलं, पण आवाज माझ्याकडे आला. "मग ती नऊ पेरं कुनी खाल्ली?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच काका म्हणाले, "ट्रकनं."

परत येताना मी त्यांना रस्त्यात थांबवलं. "तुम्ही मला सांगितलं होतं. फळीवर मी टोचलं. खोटं कशाला बोललात?"

त्यांच्या फेऱ्या तिथेच रस्त्यावर सुरू झाल्या. "सांगितलं हुतं मी. पन सांगून गप बसलो. चौदा चौदा करत सगळ्या गावाचं डोकं खाल्लं आन् ज्या दिशी ट्रकापुढं आडवं पडायचं त्या दिशी पेनानं ठिपका दिऊन मोकळा झालो. तुमचं एक चुकलं, माझं बी एक." मग म्हणाले, "ह्या येळी अडवतो."

पुढच्या लसीच्या दिवशी वहिनी स्वतः चालत आली, एकटीच. तिला आता सातवा लागला होता. मी टोचलं. टोचेपर्यंत काकांनी माझं कोपर धरून ठेवलं. दिवाळीला अजून महिना होता, चौदा दिवस सहज निघत होते. पण पाऊस नसल्यानं तिकडे ऊसच वाळायला लागला आणि कारखान्यानं तोड लवकर धरली. दहाव्या दिवशी सकाळी टोळीचा मुकादम ट्रक घेऊन वस्तीत उभा. नऊ पेरं झाली होती.

काका ट्रकभोवती गोल गोल फिरत होते. "मुकादम, पाच पेरं द्या. जास्ती न्हाई."

"काका, उसाला पेरं अस्तेत. मी कुठली देऊ?"

"पाच दीस. ही बाई पाच दिसांनी येईल."

"आन् तवर? अर्ध्या कोयत्याला मी फडात उभा करत न्हाई. एकानं तोडलं तर मोळी कोन बांधनार, डोक्यावर कोन वाहनार? येत असंल तर दोघं चला, न्हाई तर दोघं ऱ्हावा."

काका थांबले. "उरलेला अर्धा मी."

माणसं इतकी हसली की ड्रायव्हर खाली उतरून आला. काका तेव्हा छप्पन्न वर्षांचे. पायात चप्पल, नाकावर चष्मा, अंगात सरकारी पांढरा कोट. मुकादम म्हणाला, "तुमाला मोळी बांधता येती का?"

"न्हाई. पुडी बांधता येती."

त्यांनी फळीवर कागद ठेवून रजेचा अर्ज लिहिला आणि माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, कारण: ऊसतोड. डॉक्टरांनी तो नंतर तीनदा वाचला आणि मला विचारलं, "हे कुठल्या गावाचं नाव आहे?" ट्रक हलला तशी मी मागे धावले. मी ओरडले, "काका, तुमची लस?" त्यांनी फळीवरून हाताचा पंजा पसरून दाखवला. सगळी पेरं त्यांनी कधीच भरलेली होती.

ते पाच दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. आई तर कपिलधारला नारळ बोलून बसली. मी रोज वहिनीकडे जायचे, ती बोट पुढे करायची, मी ठिपका द्यायचे. चौदावं पेर अंगठ्याच्या बुडाचं. ते झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मी तिला घेऊन एसटीत बसले.

दोन एसट्या बदलून त्या फडावर पोचलो. सात कोप्या होत्या. चार कोप्यांच्या दारात माणसं पांघरूण घेऊन पडलेली, खोकण्याचा आवाज लांबूनच येत होता. मी थांबले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि पुढे झाली.

काका फडात होते. दादाचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, चष्मा दोऱ्यानं कानामागे बांधलेला. उसाच्या पाचटानं दोन्ही हात ओरबाडून निघालेले. मोळी आवळायची धडपड चालली होती. मागे दादा त्यांनी बांधलेली प्रत्येक मोळी सोडून परत बांधत होता. आम्हाला पाहून काकांनी हातातली मोळी खाली टाकली.

"किती?"

वहिनीनं पंजा पसरला. "चौदा."

"घ्या तुमचा अर्धा कोयता," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "सिस्टर, हे काम उभ्यानं करायचं हाय म्हनून लई चांगलं. पन वाकाया लई लागतं."

मला हसू येत होतं आणि रडू आवरत नव्हतं. परतीच्या एसटीत त्यांना जागा मिळाली तरी ते दांडीला धरून उभे. मी जखमांना मलम लावायला हात मागितला तर एक हात खाली सोडला, दुसऱ्यानं दांडी.

वहिनीला पुढे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. काकांनी कधी लस म्हणजे लोखंडी भिंत असं सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला कणकण आली, दीड दिवस पडली आणि तिसऱ्या दिवशी उठून भाकरी केल्या. पौषात दिवस भरून मुलगी झाली, तिथल्याच दवाखान्यात. त्यानंतर टोळीत पुन्हा खोकला फिरला, आणि ते तान्हं कोपीत सगळ्यांच्या मांडीवरून फिरत होतं. इकडे काका माझी समजूत घालत. एवढ्याशा लेकराला ही लस देता येत नाही, पण आईच्या रक्तातले ते हात नाळेतून पोटातच त्याच्याकडे जातात. "शिदोरी बांधून दिलीय, सिस्टर. कायमची न्हाई पुरत, पन चार-सहा म्हयने पुरंल. तुमचा ऊस तवर सपतो." मी मान हलवायचे आणि फोन वाजला की दचकायचे.

अक्षय्य तृतीयेच्या आत ट्रक परत आला. वहिनी उतरली, मुलगी आईच्या मांडीवर दिली. मी लांब उभी. आईनं नातीचं तोंड पाहिलं, हात, पाय, सगळं पाहिलं. मग मान वर न करता म्हणाली, "पानी दे गं."

शेजारीण उठायला लागली. आई म्हणाली, "तिला सांगितलं मी."

मी घागरीतून तांब्या भरला. आई तो सगळा प्याली.

काका निवृत्त होऊन अंबाजोगाईला गेले. तिथेही अंगणात फेऱ्या मारतात असं कळायचं. त्याच फेऱ्यांत एका सकाळी ते पडले आणि संपले. मी तेराव्याला गेले. आमच्या केंद्रातले सगळे आले, चेअरमनसुद्धा आले आणि न जेवता नुसते बसून राहिले. वस्तीतून मात्र एक माणूस नाही. मी निरोप दिला होता. वहिनीला तर दोनदा फोन केला होता. सबंध वाटेत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. ज्या माणसानं तुझ्यासाठी हात सोलून घेतले त्याच्या तेराव्याला तुला सवड नाही?

दुसऱ्या दिवशी लस होती. मी आले तेव्हा बाकावर जागा नव्हती. वस्तीतल्या बायका, अकरा जणी. चार गरोदर, बाकीच्या त्यांच्यासोबत. पुढे वहिनी, शेजारी तिची लेक, आता शाळेत जाणारी.

मी कडवटच बोलले. "काल यायला जमलं नाही का?"

"वन्सं, काल त्यांचा तेरावा हुता," वहिनी म्हणाली. "काकाच म्हनायचे न्हवं? तेरावा मेलेल्याचा, चौदावा जित्याचा. म्हनून आमी आज आलो." मग म्हणाली, "मुकादमाला सांगून आलोय. ट्रक पंधराव्या दिशी. त्याच्या आधी एक बी कोयता हलत न्हाई, अर्धा सुदिक न्हाई."

मी डबा उघडला आणि उघडताना श्वास धरला. चौघींना टोचून झालं. चौथीनं पदर सारखा केला, पण उठेना. डावा हात माझ्यापुढे पालथा घालून, बोटं पसरून बसून राहिली.

"आन् हे कोन करनार?" ती म्हणाली.

त्यांचं निळं पेन अजून टेबलाच्या खणात होतं. मी ते काढलं, कागदावर दोनदा घासलं, उमटलं. मग तिच्या करंगळीच्या टोकावर ठिपका दिला.